‘सहारा डेझर्ट’ म्हटलं तर चुकतं का?

(हे आमच्या ध्वनिभागाचं लिखित रूप आहे. बोलतानाचं अडखळणं आणि मधला चहाचा आवाज काढून टाकलाय, बाकी जसंच्या तसं.)

आज एका व्हॉइस नोटपासून सुरुवात करतो. आपली एक श्रोती आहे, मराठी माध्यमातून शिकलेली, आता नोकरीच्या मुलाखती देतेय. एका मुलाखतीत तिला विचारलं, कुठे फिरायला आवडेल? तिने मनापासून उत्तर दिलं, ‘आय वॉन्ट टु सी सहारा डेझर्ट.’ समोरचे साहेब हसले. म्हणाले, ‘सहारा म्हणजेच डेझर्ट. तुम्ही वाळवंट वाळवंट म्हणालात!’ शेजारी बसलेलेही हसले. नोकरी मिळाली नाही. ती काय या एका वाक्यामुळे गेली नसेल, हे तिलाही कळतं. पण नोटच्या शेवटी ती म्हणते, ‘दादा, तेव्हापासून इंग्रजी वाक्य तोंडात आलं की मी आधी गप्प बसते.’

ही नोट मी तीन वेळा ऐकली. म्हटलं, हा विषय नीट सोडवूच. ते साहेब बरोबर होते का? आणि होते तर किती?

आधी त्यांची बाजू. अरबीत ‘सहरा’ म्हणजे वाळवंट. कुठलंही वाळवंट. अरबी माणसासाठी ते सामान्यनाम आहे, आपल्या ‘डोंगर’ किंवा ‘नदी’सारखं. आपण ज्याला सहारा म्हणतो त्याला अरबीत ‘अस्-सहरा अल्-कुब्रा’ म्हणतात, म्हणजे ‘सगळ्यांत मोठं वाळवंट’. या शब्दाचं मूळ शोधत गेलं की ते रंगापाशी पोचतं. तांबूस-पिवळा, मातकट अशा छटेचं एक विशेषण अरबीत आहे, त्याचं हे स्त्रीलिंगी रूप मानतात. आणि ‘सहरा’चं अनेकवचन होतं ‘सहारा’, म्हणजे वाळवंटं. युरोपीय भाषांत रुळलेलं रूप या अनेकवचनाशीच जास्त जुळतं. तेव्हा अगदी काटेकोर व्हायचं तर ‘सहारा डेझर्ट’ म्हणजे ‘वाळवंटं वाळवंट’. साहेबांचा मुद्दा व्युत्पत्तीच्या हिशेबाने खरा आहे.

इथे एक गाठ सोडवून घेऊ, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणापासून वाटतं की या वाळवंटाचं नाव ‘आधार’ या अर्थाचं आहे. मलाही वाटायचं! एवढ्या रखरखाटाला आधार कोणी नाव ठेवलं असेल, असं कोडं पडायचं. तर हिंदीतला ‘सहारा’ म्हणजे आधार, तो इथलाच शब्द आहे, त्याचा अरबीशी संबंध नाही. उर्दू गझलांमध्ये वाळवंटासाठी जो ‘सहरा’ येतो, तो मात्र थेट अरबीतला. आणि नवरदेवाच्या कपाळावरून सोडतात तो ‘सेहरा’ आणखी तिसराच. पुढच्या वेळी गझल ऐकताना कोण ‘सहरा’त भटकतोय आणि कोण ‘सहारा’ मागतोय, ते कान देऊन ऐका. अर्थ पार उलटा होतो.

बरं, आता साहेबांना एक प्रश्न विचारू. साहेब, तुम्ही रायगड किल्ल्यावर गेला आहात का?

‘गड’ म्हणजेच किल्ला ना? मग ‘रायगड किल्ला’ म्हणजे झालं ‘राय-किल्ला किल्ला’. सिंहगड किल्ला, प्रतापगड किल्ला, तीच गत. ‘सह्याद्री पर्वत’ घ्या. ‘अद्रि’ म्हणजे संस्कृतात पर्वत, म्हणजे आपण शाळेपासून ‘सह्य-पर्वत पर्वत’ लिहितोय आणि पूर्ण मार्क घेतोय. ‘पावरोटी’ घ्या. ‘पाव’ हा पोर्तुगिजांकडून गोव्यामार्गे आलेला शब्द, त्याचा अर्थच रोटी. ‘एटीएम मशीन’मधल्या ‘एम’चा अर्थ मशीन, आणि ‘पिन नंबर’मधल्या ‘एन’चा अर्थ नंबर. यातल्या कशावर कधी कोणी मुलाखतीत हसलंय?

हसत नाही, कारण यात हसण्यासारखं काही नाहीच. शब्द एका भाषेतून दुसरीत जातो तेव्हा अर्थ मागे राहू शकतो आणि नुसता आवाज पुढे जातो. त्या आवाजाचं मग विशेषनाम होतं. इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला ‘सहारा’ म्हणजे वाळवंट असं ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी ते नुसतं नाव आहे. मग हे नाव कशाचं, ते सांगायला तो पुढे ‘डेझर्ट’ लावतो. रायगडचंच बघा ना. ‘मी रायगडला चाललोय’ म्हटलं तर समोरचा विचारू शकतो, अलिबागला का? कारण रायगड जिल्हाही आहे. तिथे ‘किल्ला’ हा शब्द फुकटचा नाही, काम करतो. त्यामुळे ‘सहारा डेझर्ट’ ही चूक नाही. नासासारखी संस्था आपल्या लेखांत बिनदिक्कत ‘द सहारा डेझर्ट’ लिहिते. उलट ब्रिटानिका विश्वकोशातली नोंद नुसत्या ‘सहारा’ या नावाने आहे. दोन्ही चालतं. माझं मत विचाराल तर निबंधात, प्रबंधात ‘द सहारा’ जास्त नेटकं दिसतं. बोलताना, पहिल्यांदा उल्लेख करताना, ‘डेझर्ट’ जोडलं तर काहीही बिघडत नाही.

जगातल्या वाळवंटांची नावं उघडून बघितली तर अशी गंमत आणखी सापडते. मंगोलियातलं ‘गोबी’ हे तिथल्या भाषेत कोरड्या, निर्जल प्रदेशासाठी वापरायचं सामान्यनामच आहे. सहाराच्याच आत, नायजर देशात ‘तेनेरे’ नावाचा भाग आहे. तुआरेग लोकांच्या भाषेत ‘तेनेरे’ म्हणजे वाळवंट. म्हणजे सहाराच्या पोटात तेनेरे, वाळवंटात वाळवंट! त्या तेनेरेचं अनेकवचन आहे ‘तिनारिवेन’. हे नाव तुमच्यातल्या काहींच्या प्लेलिस्टमध्ये असेल. इलेक्ट्रिक गिटार घेऊन गाणारा तुआरेग बँड, २०१२ साली ग्रॅमी मिळालेला. त्यांचं नावही शेवटी ‘वाळवंटं’ एवढंच. ऐकला नसेल तर हा भाग संपल्यावर ऐका, आत्ता नको.

आता जरा थांबून ‘डेझर्ट’ या शब्दाकडे बघू, कारण मला या भागाची तयारी करताना सगळ्यात जास्त मजा इथे आली.

इंग्रजीतला ‘डेझर्ट’ लॅटिनमधून येतो. मूळ क्रियापदाचा अर्थ सोडून जाणे, टाकून देणे. म्हणजे ‘डेझर्ट’ ही माणसांनी सोडलेली जागा. त्यात वाळू कुठेच नाही! म्हणूनच इंग्रजीत ‘डेझर्ट आयलंड’ म्हणतात तेव्हा हिरवंगार, नारळाच्या झाडांनी भरलेलं बेटही चालतं, फक्त तिथे माणूस नको. सैन्यातून पळून जाणाऱ्याला ‘डिझर्टर’ म्हणतात, तोही याच घरातला. अरबी शब्द रंग बघतो, इंग्रजी शब्द गेलेली माणसं बघतो. संस्कृत ‘मरु’ची नाळ ‘मृ’ म्हणजे मरणे या धातूशी जोडतात, तिथे मरण दिसतं.

आणि आपलं ‘वाळवंट’? आपलं लक्ष वाळूवर. पण मराठीत वाळवंट म्हटल्यावर सगळ्यात आधी कुठलं आठवतं? पंढरपूरचं. चंद्रभागेचं वाळवंट. आषाढीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. टाळ, मृदंग, फुगड्या, लाखो माणसं. म्हणजे इंग्रजीत जी जागा माणसांनी टाकलेली, मराठीत तीच जागा माणसांनी गच्च भरलेली. ‘डेझर्ट’ला ‘वाळवंट’ हा प्रतिशब्द आपण भूगोलाच्या पुस्तकात पाठ केला, पण हे दोन शब्द खरं म्हणजे एकमेकांना पाठ करून उभे आहेत. इंग्रजी ‘डेझर्ट’च्या भावनेला आपला ‘ओसाड’ किंवा ‘वैराण’ जास्त जवळचा.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. शब्दामुळे डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं आणि ते चुकू शकतं. सहारा म्हटलं की आपल्याला वाळूच्या टेकड्या दिसतात. प्रत्यक्षात सहाराचा साधारण पाव भागच वाळूचा आहे. त्या वाळूच्या समुद्रांना ‘अर्ग’ म्हणतात. बाकी बरंचसं म्हणजे ‘हमादा’, उघडे खडकाळ पठार, आणि ‘रेग’, दगडगोट्यांची सपाट जमीन. डोंगरही आहेत. चाडमधला एमी कुसी हा ज्वालामुखी ३,४०० मीटरपेक्षा उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. आणि आवाका किती? सुमारे ९२ लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्र आहे ३ लाख ८ हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीस महाराष्ट्र बसतील.

‘सोडून दिलेली जागा’ हेही तितकं खरं नाही. साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी तिथे गवत होतं, तळी होती. अल्जेरियातल्या तासिली न’अज्जेरच्या खडकांवर माणसांनी गुरांच्या कळपांची चित्रं काढून ठेवलीत. ती जागा १९८२पासून जागतिक वारसा यादीत आहे. आजही तिथे लोक राहतात, ओअॅसिसमध्ये खजूर पिकवतात. आणि इथली धूळसुद्धा स्वस्थ बसत नाही. चाडमध्ये बोदेले नावाचा खोलगट भाग आहे, एका प्राचीन तळ्याचा कोरडा तळ. तिथली धूळ वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडून अॅमेझॉनच्या जंगलात पडते आणि सोबत फॉस्फरस नेते. २०१५ साली उपग्रहांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा की वर्षाला सरासरी २२,००० टन फॉस्फरस या वाटेने अॅमेझॉनला पोचतो. बातम्यांत ‘सहारन डस्ट’ हा शब्द दिसला तर तो हाच.

आलंच आहे तर ‘सहारन’ बघून घेऊ. सहाराचं विशेषण ‘सहारन’. त्यावरून ‘सब-सहारन आफ्रिका’, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका. स्पर्धा परीक्षेवाल्यांना हा शब्द रोज भेटतो. नकाशात खाली म्हणून ‘सब’. पण ‘सब’चा अर्थ दुय्यम, कमी दर्जाचा असाही होतो. त्यातून डझनावारी वेगवेगळे देश एकाच पिशवीत कोंबले जातात, म्हणून आफ्रिकेतले अनेक अभ्यासक या शब्दावर नाराज आहेत. बरं, पिशवीत कोण बसतं यावरही एकमत नाही. सुदानला संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक वर्गवारीत उत्तर आफ्रिकेत टाकतात, जागतिक बँक त्यालाच ‘सब-सहारन’मध्ये मोजते. परीक्षेत आलेला शब्द परीक्षेत वापरा, त्याला इलाज नाही. पण केनियाबद्दल बोलत असाल तर केनियाच म्हणा ना.

सहाराच्या दक्षिण काठाला पट्टीसारखा एक प्रदेश आहे, ‘साहेल’. अरबीत त्याचा अर्थ किनारा. जणू वाळवंट हा समुद्र आणि ही त्याची कड. तुमच्या वर्गात एखादा साहिल होता का? तोच शब्द. पूर्व आफ्रिकेतल्या ‘स्वाहिली’ भाषेचं नावही याच मुळातून, किनाऱ्यावरची म्हणून.

आता आपल्या श्रोतीच्या वाक्याकडे परत येतो. कारण त्या वाक्यात एक चूक खरंच होती. फक्त साहेबांनी धरली ती नव्हे.

तिने ‘द’ म्हटलं नाही.

इंग्रजीत वाळवंटाच्या नावाआधी ‘द’ लागतो. द सहारा, द गोबी, द थार, द कलहारी, द नामिब. पुढे ‘डेझर्ट’ असो वा नसो, ‘द’ राहतोच. नद्यांनाही लागतो, द नाइल. पर्वतरांगांना लागतो, द हिमालयाज. एकट्या शिखराला नाही, एव्हरेस्टच्या आधी ‘द’ नको. तळ्यालाही नाही, नुसतं लेक चाड. मराठीत असा ‘द’ नाहीच, त्यामुळे तो आपल्या तोंडातून गळतो. माझ्याही गळतो, आणि मी पंधरा वर्षं इंग्रजीत काम करतोय. पण गाडीची गोष्ट वेगळी हां. ‘आय बॉट अ थार’ म्हणजे गाडी घेतली. ‘आय क्रॉस्ड द थार’ म्हणजे वाळवंट पार केलं. ‘आय बॉट द थार डेझर्ट’ म्हणालात तर मात्र आमच्यासाठी एक प्लॉट ठेवा.

या एवढ्याशा ‘द’वर किती काय अवलंबून असतं, याचं उदाहरण सहारातच आहे. ‘द वेस्टर्न सहारा’ म्हणजे वाळवंटाचा पश्चिमेकडचा भाग, निव्वळ भूगोल. ‘वेस्टर्न सहारा’, ‘द’ शिवाय, हा मोरोक्कोच्या दक्षिणेला अटलांटिकच्या काठावरचा एक प्रदेश आहे. पूर्वी तो स्पेनची वसाहत होता, तेव्हा नाव ‘स्पॅनिश सहारा’. १९७५-७६मध्ये स्पेन निघून गेला. २७ फेब्रुवारी १९७६ला तिथल्या स्वातंत्र्यवादी पोलिसारिओ आघाडीने सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक जाहीर केलं. मोरोक्को हा भाग आपला मानतो, त्याला ‘दक्षिणेकडचे प्रांत’ म्हणतो, आणि त्यातला बराचसा त्याच्या ताब्यात आहे. म्हणजे कोण कुठलं नाव घेतो यावरून तो कोणाच्या बाजूला ते कळतं. भारताने १९८५ साली या प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, २००० साली ती काढून घेतली. जनमत घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली एक मिशन नेमलं. ‘सार्वमत’ हा शब्द त्या मिशनच्या नावातच आहे. सार्वमत अजून झालेलं नाही.

तिथल्या लोकांना ‘सहरावी’ म्हणतात, म्हणजे वाळवंटाचे. इंग्रजीत ‘सहारन’ आणि ‘सहरावी’ अदलाबदल करून वापरू नका. पहिलं धूळ, हवामान, खडक यांच्यासाठी चालतं. दुसरं हे एका समाजाचं नाव आहे. त्यातले हजारो लोक जवळपास पन्नास वर्षं अल्जेरियातल्या तिंदूफजवळच्या निर्वासित छावण्यांत राहतायत. त्या छावण्यांना त्यांनी नावं दिलीत लायून, स्मारा, औसर्द, दाखला. ही सगळी त्यांच्या मागे राहिलेल्या गावांची नावं आहेत. तिथे जन्मलेलं मूल ‘मी स्मारात राहतो’ म्हणतं, आणि खरी स्मारा त्याने पाहिलेलीही नसते.

असो. उच्चाराचं एक सांगतो आणि थांबतो. इंग्रजीत ‘सहारा’चा जोर मधल्या अक्षरावर. ब्रिटिश पद्धतीत ‘सहाऽरा’, आपल्या मराठी उच्चाराच्या अगदी जवळ. अमेरिकन लोकांकडून ‘सहॅरा’ किंवा ‘सहेरा’ ऐकू येईल. दोन्ही ठीक, तुम्ही तुमचाच ठेवा. जपायचं ते ‘डेझर्ट’ला. वाळवंट म्हणायचं तर जोर पहिल्या अक्षरावर, ‘डे’वर. जोर दुसऱ्यावर गेला आणि ‘डिझर्ट’ झालं की जेवणानंतरचं गोड येतं. स्पेलिंगमध्ये गोडाला दोन ‘एस’, वाळवंटाला एक. गोड दोनदा घ्यावंसं वाटतं, म्हणून दोन. हे मला शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं आणि आजतागायत विसरलेलो नाही.

तर ताई, तुझं वाक्य असं: ‘आय वॉन्ट टु सी द सहारा डेझर्ट.’ पुढच्या मुलाखतीत हाच प्रश्न आला तर हेच उत्तर दे. आणि परत कोणी हसलं, तर शांतपणे रायगड किल्ल्याचं सांग. मग काय झालं त्याची व्हॉइस नोट पाठव, आम्ही वाट बघतोय.